मे महिन्याचं आणि ऑक्टोबरचं गाव एकाच वेगात आणताना : ड्रोन फुटेजचा स्पीड बदलण्याचा माझा अनुभव

गावाची फिल्म एकदाची पूर्ण झाली, २६ जानेवारीला संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात दाखवून झाली, आणि तेव्हापासून दोन-तीन जणांनी विचारलंय की ते ड्रोनचे शॉट मधेच सुसाट जातात आणि मधेच हळू होतात ते कसं केलं, आमच्याकडेपण ड्रोन आहे पण एडिटिंगला बसलं की काही सुचत नाही. म्हणून सगळं सुरुवातीपासून लिहिते. मी व्यावसायिक एडिटर नाही, पुण्यात नोकरी करते, एडिटिंग रात्री जेवणं झाल्यावर आणि रविवारी.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात. पर्जन्यछायेचा भाग, सह्याद्रीपलीकडे धो धो पडतो आणि आमच्याकडे येईपर्यंत ढग रिकामे झालेले असतात, जो काय पाऊस येतो तो बराचसा सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा. गावानं काही वर्षं श्रमदान करून पाणी मुरवायला डोंगरावर सलग समतल चर काढलेत, ओढ्यावर बंधारे आहेत, दर उन्हाळ्यात गाळ काढतात. हे चर खालून बघितले तर नुसता खड्डा दिसतो, पण वरून बघितलं की अख्ख्या डोंगरावर एकाखाली एक समांतर रेघा दिसतात आणि तेव्हा कळतं की माणसांनी किती काम केलंय. ते गावाला वरून दाखवायचं, मे मध्ये कसं होतं आणि पावसानंतर कसं होतं, एवढीच कल्पना होती.

ड्रोन माझ्या आतेभावाचा, डीजेआय मिनी २. वजन २५० ग्रॅमच्या आत म्हणजे ड्रोन नियम २०२१ प्रमाणे नॅनो वर्गात येतो, त्याला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही, पण नोंदणी म्हणजे यूआयएन नंबर हवा, त्याची फी १०० रुपये, तो भावानं आधीच काढलेला होता. डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोनसाठीच्या साइटवरच्या नकाशावर आमचं गाव ग्रीन झोनमध्ये दाखवतं, तिथं ४०० फुटांपर्यंत म्हणजे १२० मीटरपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. नकाशा उडवायच्या दिवशी सकाळी परत बघा, झोन बदलू शकतात. आणि कायद्यानं लागत नसलं तरी पोलिस ठाण्यात कळवून ठेवा हे मी अगदी आग्रहानं सांगेन, कारण २०२४ च्या पावसाळ्यात पुणे-बीडकडच्या गावांत रात्री ड्रोन फिरतात म्हणून लोक घाबरून रात्र रात्र जागत होते आणि ती चर्चा आमच्याकडेपण पोचली होती. आम्ही साधा अर्ज केला: तारीख, वेळ, ठिकाण, ड्रोनचा सिरीयल नंबर, यूआयएन, भावाच्या आधारची झेरॉक्स, सोबत ग्रामपंचायतीचं पत्र. एक प्रत त्यांना, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतला आणि ती प्रत उडवताना खिशात. ग्रामपंचायतीच्या पत्रासाठी थोडं थांबावं लागलं कारण ग्रामसेवकांकडे दोन गावं आहेत, ते आमच्याकडे असतील त्या वारीच जावं लागतं. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरपण आदल्या रात्री मेसेज टाकला की उद्या सकाळी आपलाच ड्रोन आहे.

पहिलं शूटिंग मे २०२४, गाळ काढायचं काम चालू असताना. दुसरं ऑक्टोबर २०२४, चर भरल्यावर. दोन्ही वेळा सकाळी लवकर, कारण मे मध्ये दहानंतर वारा उठतो आणि ड्रोन स्वतःला सावरत सावरत उडतो, ते सावरणं नॉर्मल वेगात डोळ्याला जाणवत नाही पण क्लिप चौपट वेगानं चालवली की सगळी फ्रेम थरथरताना दिसते. स्पीड वाढवला की हालचालीबरोबर धक्केपण वाढतात, हे शूटिंगच्या आधी माहीत असलेलं चांगलं.

आता सेटिंग, कारण वेगाचा खेळ एडिटिंगमध्ये होतो पण त्याचा माल शूटिंगमध्येच तयार होतो. या ड्रोनवर ४के ला, म्हणजे सगळ्यात मोठ्या आकाराच्या चित्राला, ३० एफपीएसच (सेकंदाला तेवढ्या फ्रेम) मिळतात, पण २.७के ला, म्हणजे त्याहून लहान चित्राला, ६० पर्यंत जाता येतं. आम्ही २.७के, ५० एफपीएस घेतलं आणि टाइमलाइन, म्हणजे एडिटिंगमध्ये क्लिपा ओळीनं लावायची पट्टी, २५ एफपीएस, १०८०पी (आणखी लहान चित्र) ची ठेवली. कारण हिशोब सरळ बसतो, ५० चे २५ म्हणजे क्लिप निम्म्या वेगानं चालवली तरी प्रत्येक फ्रेम खरी असते, सॉफ्टवेअरला मधली फ्रेम स्वतः बनवावी लागत नाही. प्रोजेक्टरवर दाखवायला १०८०पी भरपूर होतं आणि २.७के मुळे कडेनं थोडं क्रॉप करायला, स्टॅबिलाइझ करायला म्हणजे थरथर काढायला जागा मिळते.

शटर, म्हणजे एक फ्रेम टिपायचा वेळ, १/१०० सेकंदावर फिक्स. साधारण नियम असा की शटरचा खालचा आकडा फ्रेमरेटच्या (सेकंदाला किती फ्रेम) दुप्पट, म्हणजे हलणारी गोष्ट किंचित पुसट येते आणि डोळ्याला हालचाल सलग वाटते. पण आमच्याकडच्या उन्हात, या ड्रोनचं ॲपर्चर (प्रकाश आत यायचं भोक) एफ २.८ वर फिक्स आहे, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० ठेवला तरी ऑटो शटर १/३००० च्या आसपास जातं. तेव्हा प्रत्येक फ्रेम कोरीव येते, आणि अशी क्लिप फास्ट केली की चित्र सरकत नाही, उड्या मारतं. म्हणून एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करायला लेन्सवर लावायची काळसर काच, लख्ख उन्हाला एनडी ३२, सकाळी कोवळं असताना एनडी ८ किंवा १६. फिल्टरचा सेट २,८०० रुपयांना पडला, एवढ्या सगळ्यात माझा सगळ्यात जास्त उपयोगी खर्च हाच. मेमरी कार्ड व्ही ३० लिहिलेलं घ्या, १२८ जीबीचं मला १,२०० ला मिळालं.

उडवायचं कसं, तर एका लयीत. भाऊ हौसेनं मधेच वेग वाढवायचा, मधेच वळवायचा, त्याला म्हटलं तू नुसता सरळ आणि एकसारखा जा, फास्ट-स्लो काय करायचं ते मी घरी करते. सिने मोडमध्ये हा ड्रोन सेकंदाला ६ मीटरच्या वर जात नाही, ते आम्हाला बरं पडलं. आणि प्रत्येक शॉट पाहिजे त्याच्या बराच आधीपासून चालू करायचा. हा हिशोब करून बघा: पडद्यावर तीन सेकंद ४०० टक्के वेग पाहिजे असेल तर मूळ फुटेज बारा सेकंद खर्च होतं, ६ मीटरच्या वेगानं बारा सेकंद म्हणजे ७२ मीटर. म्हणजे बंधाऱ्यावर येऊन हळू व्हायचं असेल तर ड्रोन निदान शंभर मीटर आधीपासून निघाला पाहिजे. बॅटरी कंपनी ३१ मिनिटं सांगते, वाऱ्यात आणि परत यायला राखून धरून आम्ही वीसच मिनिटं धरायचो, त्यामुळे कुठून कुठं जायचं ते आदल्या दिवशी चालत जाऊन ठरवलं.

एडिटिंग डाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरच्या फ्री व्हर्जनमध्ये केलं. माझ्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे, त्यामुळे आधी सगळ्या क्लिपांच्या प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती, बनवल्या, रात्री लावून झोपायचं. नवीन प्रोजेक्ट उघडल्याबरोबर पहिल्यांदा टाइमलाइनचा फ्रेमरेट २५ करून घ्या, कारण एकदा क्लिपा आत घेतल्या की तो बदलता येत नाही.

स्पीड बदलायचं हत्यार म्हणजे रिटाइम कंट्रोल. क्लिप सिलेक्ट करून कंट्रोल-आर दाबलं की क्लिपवर बाणांची पट्टी येते, पाहिजे तिथं प्लेहेड (आत्ता कुठली फ्रेम दिसतेय ते दाखवणारी उभी रेघ) नेऊन स्पीड पॉइंट टाकायचा, मग दोन पॉइंटमधल्या तुकड्याला पाहिजे तो टक्का द्यायचा. एवढं दहा मिनिटांत येतं. पण नुसते पॉइंट टाकले की ४०० वरून १०० वर येताना कचकन ब्रेक दाबल्यासारखं दिसतं. त्यासाठी क्लिपवर राइट क्लिक करून रिटाइम कर्व्ह उघडायचा, त्यात रिटाइम स्पीडची रेघ दाखवायला सांगायची आणि कोपऱ्याच्या पॉइंटला गोलाई द्यायची, हँडल ओढून. मुरलेला एसटी ड्रायव्हर घाटात वळण यायच्या आधीच वेग उतरवतो, वळणावर पोचेपर्यंत गाडी शांत झालेली असते, तसं करायचं. बंधारा फ्रेमच्या मधोमध यायच्या साधारण अर्धा सेकंद आधी वेग १०० वर आलेला पाहिजे, म्हणजे बघणाऱ्याला बंधारा बघायला मिळतो, वेग उतरताना बघण्यात त्याचं लक्ष जात नाही.

इथपर्यंत सगळं यूट्यूबवरपण मिळेल. कुठं फास्ट आणि कुठं स्लो, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं, ते कळलं आमच्या तात्यांमुळे.

दिवाळीला गावाला गेले तेव्हा पहिला कच्चा कट लॅपटॉपवर तात्यांना दाखवला. त्यांनी जन्मभर मेंढरं राखलीत. एका शॉटमध्ये माळावरून ड्रोन जातो, खाली त्यांचाच कळप चाललेला, तो शॉट मी तिप्पट वेगानं ठेवला होता. तात्या म्हणाले, "मेंढरं अशी पळत्यात व्हय? मागं लांडगा लागलाय का काय?" आणि त्याच्या आधीचा शॉट, उघडा डोंगर आणि त्यावरचे चर, तो तर मी सहापट वेगानं ठेवला होता, त्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत, उलट ड्रोन किती जोरात जातोय म्हणून कौतुक केलं.

मी रात्री त्याच दोन शॉटवर बसले. डोंगराचा, रानाचा, चरांचा स्वतःचा काही वेग नसतो, ते जागेवर आहेत, हलतोय तो कॅमेरा, त्यामुळे कितीही फास्ट केलं तरी डोळ्याला एवढंच वाटतं की आपण जोरात चाललोय. पण फ्रेममध्ये मेंढरू, माणूस, वाहतं पाणी, वाऱ्यावर हलणारी ज्वारी, चुलीचा धूर, यातलं काही एक आलं की त्याचा वेग आपल्याला पाठ असतो, तो चुकला की लगेच खोटं वाटतं. त्यानंतर मी प्रत्येक क्लिप उघडली की पहिल्यांदा हेच बघायला लागले, यात ज्याचा वेग आपल्याला माहीत आहे असं काय आहे, आणि ते कुठल्या सेकंदाला फ्रेममध्ये येतं. तिथं स्पीड पॉइंट. अर्धं एडिटिंग त्यावरच ठरून गेलं.

उंचीचंपण तसंच. शंभर मीटरवरून ड्रोन ६ मीटरनं गेला तर खाली सगळं रांगतंय असं वाटतं, तोच वेग झाडाच्या शेंड्यावरून पाच-सात मीटरवर असला की सुसाट वाटतो. म्हणून उंचावरचे तुकडे ३०० ते ६०० टक्के, खाली उतरताना हळूहळू १०० कडे, असं केलं की वेग बदललाय हेच बऱ्याच जणांना कळत नाही.

श्रमदानाचे, गाळ काढायचे शॉट मात्र मी एकपण फास्ट केला नाही. भावाचं म्हणणं होतं की पाट्या हातोहात जातायत ते फास्ट केलं तर मस्त दिसेल. मला ते पटलं नाही. मे च्या उन्हात बायका ओळीनं उभ्या राहून पाटी पुढं देतायत, त्यांच्या हाताचा वेग हेच तर त्या कामाचं खरं वजन आहे, ते पळवलं की ती माणसं चावीची खेळणी दिसतात. ते शॉट १०० टक्क्यांवर, आणि एक, जिथं काकी पाटी देऊन कपाळाचा घाम पुसतात, तो ५० टक्क्यांवर. खरे फ्रेम होते त्यामुळे एकदम मऊ चालला.

५० च्या खाली जायचं असेल तर फ्रेम बनवाव्या लागतात, क्लिपच्या इन्स्पेक्टरमध्ये रिटाइम प्रोसेसला ऑप्टिकल फ्लो निवडायचा. माळरान, डोंगर, रस्ता यांच्यावर तो चांगला चालतो. पण पाण्याचा फेस, बाभळीच्या बारीक फांद्या, विजेच्या तारा आल्या की तिथं चित्र वितळल्यासारखं होतं. बंधाऱ्यावरून पाणी सांडतानाचा शॉट २५ टक्के करून बघितला तर पाण्याला जिलेटिनसारखी कड आली, शेवटी ५० वर ठेवला. फास्ट तुकड्यांना मी फ्रेम ब्लेंड (शेजारच्या फ्रेम एकमेकींत मिसळणं) लावला, एनडी फिल्टर असतानापण थोडी आणखी सलगता येते.

आता सगळ्यात वेळखाऊ आणि सगळ्यात आवडता शॉट, मे आणि ऑक्टोबर एकात एक. देवळाच्या शिखरापासून निघायचं, वडावरून, बंधाऱ्यावरून, डोंगराच्या चरांपर्यंत, आणि जाता जाता कोरडं गाव हिरवं व्हायचं. या ड्रोनमध्ये ठरलेल्या वाटेनं आपोआप उडायची सोय नाही, त्यामुळे दोन्ही वेळा भावानं हातानंच उडवलं, खुणा धरून. ऑक्टोबरला उडवताना मी मे ची क्लिप मोबाईलवर लावून शेजारी उभी राहिले, शिखर फ्रेममध्ये डावीकडे घे, वड आला की उंची तेवढीच ठेव, असं सांगत. ॲपमध्ये उंची दिसते ती मे मध्ये लिहून ठेवली होती, ते फार कामाला आलं, उंची जुळली की बाकी बरंच जुळवता येतं. वेग मात्र जुळत नाही, जुळणारच नाही.

मग रिझॉल्व्हमध्ये मे ची क्लिप खाली, ऑक्टोबरची वरच्या ट्रॅकवर, वरचीची ओपॅसिटी ५०, म्हणजे अर्धी पारदर्शक. दोन्ही एकदम दिसतात. मे ची तशीच ठेवायची आणि वरचीला प्रत्येक खुणेवर स्पीड पॉइंट टाकायचा. शिखर ते वड मे मध्ये १२ सेकंद होते, ऑक्टोबरला ९, म्हणजे ९ भागिले १२, वेग ७५ टक्के. वड ते बंधारा मे मध्ये १०, ऑक्टोबरला ११, म्हणजे ११० टक्के. असं एकेक खूण जुळवत जायचं, पुढची जुळवताना मागची हलत नाही ना ते बघत, म्हणून डावीकडून उजवीकडेच जायचं. दिशेतला थोडा फरक झूम आणि पोझिशनला कीफ्रेम (कुठल्या क्षणी किती, याची खूण) देऊन जुळवला. कर्व्हला गोलाई सगळ्यात शेवटी, कारण गोलाई दिली की खुणा एखाद-दुसऱ्या फ्रेमनं सरकतात आणि परत नीट बसवाव्या लागतात. ओपॅसिटी शून्यापासून शंभरपर्यंत वड आणि बंधाऱ्याच्या मधे हळूहळू वाढवली. नोव्हेंबरचे बरेचसे रविवार या एका शॉटमध्ये गेले. पहिल्यांदा वड जागच्या जागी राहिला आणि त्याच्या भोवतीचं रान हिरवं झालं तेव्हा मी आईला झोपेतून उठवून दाखवलं.

जुळवलेले दोन्ही ट्रॅक मग एक कंपाउंड क्लिप, म्हणजे मिळून एकच क्लिप, केले आणि फास्ट-स्लो त्या कंपाउंडवर दिलं, म्हणजे आतली जुळवणी शाबूत राहते. स्टॅबिलायझेशनचापण क्रम लक्षात ठेवा. रॅम्प (एकाच क्लिपमध्ये वेग चढवणं-उतरवणं) द्यायचा असेल तर आधी मूळ क्लिप स्टॅबिलाइझ, मग कंपाउंड, मग स्पीड. पण ड्रोन एका जागी थांबवून ढगांच्या सावल्या डोंगरावरून पळताना दाखवायच्या असतील तर उलटं, आधी फास्ट, कंपाउंड, मग स्टॅबिलाइझ. सहा मिनिटांची क्लिप १००० टक्क्यांवर ३६ सेकंदांची झाली, त्यातले चांगले आठ सेकंद घेतले.

रिव्हर्सचापण एक प्रयोग चालतो, ड्रोन मागं मागं उडवायचा आणि क्लिप उलटी लावायची, चरांकडे जवळ जातोय असं दिसतं आणि सुरुवातीची फ्रेम अगदी नेमकी मिळते. फक्त फ्रेममध्ये पक्षी, धूर, वाहणारा ओढा, रस्त्यावरची गाडी नाही ना ते बघून घ्या.

आवाज ड्रोनमध्ये येतच नाही. गजी ढोल, म्हणजे धनगरांच्या गजी नाचाचा ढोल, गावातल्या मंडळींनी खास वाजवून दिला, मोबाईलवर रेकॉर्ड केला, त्यामुळे कॉपीराइटचा प्रश्न नाही. गजी ढोल संथ चालू होऊन चढत जातो, मी रॅम्प त्याच्यावर बसवले, थाप पडते तिथं वेग उतरतो. वाऱ्याचा आणि पाण्याचा आवाज वेगळा घालत असाल तर चित्र फास्ट असलं तरी तो मात्र त्याच्या वेगानंच ठेवा.

रेंडर, म्हणजे तयार फिल्मची फाइल काढणं, एच.२६४, १०८०पी, २५ एफपीएस. ऑप्टिकल फ्लोचे शॉट असल्यामुळे लॅपटॉप रात्रभर चालू होता. व्हॉट्सॲपवर पाठवताना व्हिडिओ म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फास्ट तुकड्यांत नुसते चौकोन चौकोन दिसतात.

प्रोजेक्टरचं भाडं १,५००, ते ग्रामपंचायतीनं दिलं. हिरवं होतानाचा शॉट लोकांनी परत लावायला लावला, मग आणखी एकदा. त्यानंतर सरपंच काकींनी विचारलं की तिसऱ्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला गाळ दिसला, तो नीट बघता येईल का. फिल्ममध्ये तो तुकडा ४०० टक्क्यांवर होता, म्हणून लॅपटॉपवर मूळ क्लिप लावली, वेग न बदललेली, आणि ग्रामसेवकांनी तिथंच थांबवून फोटो काढून घेतला. ती क्लिप पेनड्राइव्हवर त्यांना दिली, येत्या उन्हाळ्यात गाळ तिथूनच काढायला सुरुवात करायचं ठरलंय. तेव्हा फिल्म झाली म्हणून मूळ क्लिपा डिलीट करू नका, तारीख आणि जागेचं नाव देऊन एका हार्ड डिस्कवर ठेवा, आणि प्रत्येक खुणेवरची उंची वहीत लिहून ठेवा, पुढच्या मे मध्ये त्याच वाटेनं परत उडवायला लागेल.